ताप उतरल्यावरचें हृदय

धुळ्याहून आग्रा रोडनें सुमारें २० किलोमीटर गेलें कीं तांब्यापितळेच्या भांड्यांचें सोनगीर लागतें. कासारांच्या जुन्या भट्टीचा भाता आठवा. कातडें सैल पडलें कीं हात कितीहि जलद चालवा, वारा पुरत नाहीं.

सेप्सिसमध्यें हृदयाचें असेंच होतें. जखम चिघळते किंवा न्युमोनिया होतो, आणि जंतूंशीं झुंजणारें शरीर स्वतःच्याच इंद्रियांवर उलटतें. रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. ठोके वाढतात, पण प्रत्येक ठोक्यास रक्त थोडें जातें. १९८४ सालीं अमेरिकन डॉक्टरांनीं दाखविलें कीं, वांचलेल्या रोग्यांचें हें दौर्बल्य बहुधा ७ ते १० दिवसांत ओसरतें. मोठाच दिलासा हा! मात्र ठोक्यांची अनियमितता आणि हृदयविकाराचा झटका यांचें भय पुढेंहि कित्येक महिने, कधीं वर्षेंहि राहतें. ताप उतरतांच रोग्यास कामाला जुंपण्याची आपली घाई म्हणूनच बरी नव्हे. निजल्यावर धाप लागणें, पायांस सूज, छातींत धडधड, यांस नुसता अशक्तपणा समजूं नये. डॉक्टरांस दाखवावें व मागील आजार आवर्जून सांगावा.

आणि तापांतच रोगी बरळूं लागला, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली, तर उजाडण्याची वाट न पाहतां त्याच रात्रीं धुळ्याचें रुग्णालय गांठावें.