आक्रसणारे दृष्टिक्षेत्र आणि ऊसतोडीचे घर

डोळ्यांच्या काही आनुवंशिक विकारांत दृष्टी एकाएकी जात नाही. ती वर्षानुवर्षे कडेकडून आटत जाते. वैद्यकात 'रेटिनायटिस पिगमेंटोसा' या नावाने परिचित असलेला विकार हा त्यांतील प्रमुख होय. मंद प्रकाश ग्रहण करणाऱ्या दृष्टिपटलावरील शलाकापेशी त्यात प्रथम नष्ट होतात. रंग व बारकावा टिपणाऱ्या शंकुपेशींचा ऱ्हास मागाहून होतो. त्यामुळे आधी रातांधळेपणा येतो, मग दृष्टिक्षेत्र आक्रसते, आणि पुढे नळीतून पाहावे तेवढाच मधला भाग उरतो. हा मधला भाग पुष्कळदा मध्यम वयापर्यंत टिकतो. घरातील बहुतेक गैरसमज या एका वस्तुस्थितीतून उद्भवतात. जो मुलगा सुईत दोरा ओवतो, तोच उंबऱ्याशी ठेवलेल्या घागरीला ठेचाळतो. मग तो वेंधळा ठरतो, कामचुकार ठरतो, क्वचित सोंगाडीही ठरतो.

जगभरात साधारणपणे ४,००० माणसांत एकास हा विकार असतो असे मानले जाते. नागपूरकडील ग्रामीण भागात झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मात्र हे प्रमाण सुमारे ७५० प्रौढांत एक असे आढळले. मराठवाड्यातही आते-मामे नात्यांत विवाह करण्याची चाल आहे, आणि तिचा येथे संबंध पोहोचतो. विकाराच्या अनेक प्रकारांत सदोष जनुक अप्रभावी असते. आईबाप दोघेही वाहक असतील तरच अपत्यास विकार होण्याचा संभव, आणि तोही चारांत एक. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या अपत्यास एकाच पूर्वजाच्या जनुकाची तीच प्रत दोन्ही बाजूंनी मिळण्याची शक्यता १६ त १ असते. मामा-भाची विवाहात ती ८ त १ होते. याचा अर्थ असा की अप्रभावी प्रकारात सुनेच्या माहेरावर ठपका ठेवण्यास शास्त्राचा काहीच आधार नाही. एक प्रत सासरचीही असतेच.

बीड जिल्ह्यात या विकाराला आणखी एक बाजू आहे. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी आदी तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'वर, म्हणजे बहुधा पतिपत्नीच्या जोडीवर. तोड पहाटेच्या अंधारात सुरू होते. गाडी रात्री आली तर भरणी रात्रीच करावी लागते. मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून चढावे लागते. अंधार आणि पायाखालची व बाजूची जागा, नेमक्या याच दोन गोष्टी हा विकार हिरावून घेतो. जोडीतील एकाची दृष्टी गेली की उरतो अर्धा कोयता. अंगावरची उचल मात्र अर्धी होत नाही. दिवसा धडधाकट दिसणाऱ्या माणसाची ही अडचण मुकादमाला पटवणे सोपे नसते, आणि म्हणून घरचेच पुष्कळदा ती झाकून ठेवतात.

यातून स्थलांतराचा दुसरा, कमी लक्षात येणारा परिणाम दिसतो. ज्याचे दृष्टिक्षेत्र आक्रसले आहे, तो डोळ्यांपेक्षा ओळखीवर चालतो: आडाची पायरी, गोठ्याचा खांब, बाजेची जागा त्याला पाठ असते. कोपी मात्र दर हंगामी नव्या रानात उभी राहते आणि हे पाठांतर दरवर्षी पुसले जाते. गावी मागे राहावे, तर सांभाळणारे बहुधा म्हातारे आजी-आजोबाच असतात.

अशा स्थितीत कुटुंबाने करावयाची मदत खर्चाची कमी व सवयीची अधिक आहे. वस्तूंच्या जागा बदलू नयेत. दार पूर्ण उघडे वा पूर्ण बंद असावे, अर्धवट नसावे. पायरीच्या कडेला चुन्याचा पांढरा पट्टा ओढावा. वाट दाखविताना हात धरून ओढू नये, आपले कोपर त्याच्या हाती द्यावे. काठी व बोलणारा मोबाईल यांचा सराव दृष्टी शिल्लक असतानाच करावा, असे तज्ज्ञ सांगतात. घरच्यांना मात्र काठी हाती देणे म्हणजे हार मानणे वाटते, आणि उत्तम शिकण्याची वर्षे त्या संकोचात निघून जातात.

रातांधळेपणा म्हटला की 'अ' जीवनसत्त्व, ही समजूत गावोगाव आहे. अभावजन्य रातांधळेपणा त्या मात्रेने थोड्याच दिवसांत हटतो. आनुवंशिक हटत नाही, आणि मनाने घेतलेल्या मोठ्या मात्रा यकृतास व गर्भास अपायकारक ठरतात. २०१७ साली अमेरिकेत मान्य झालेला जनुकोपचार एकाच विशिष्ट जनुकाच्या दोषापुरता आहे. तरीही 'इलाज नाही' म्हणून तपासणी सोडणे चूक होय. या रुग्णांत अकाली होणारा मोतीबिंदू व दृष्टिपटलाच्या मध्यभागी येणारी सूज यांवर उपचार होऊ शकतात.

राहिला प्रमाणपत्राचा प्रश्न. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी असल्यास अल्पदृष्टी व १० अंशांहून कमी असल्यास अंधत्व मानले आहे, मग अक्षरे कितीही स्पष्ट दिसोत. शासकीय नोकऱ्यांतील राखीव जागा, परीक्षेतील लेखनिक इत्यादी सवलती या प्रमाणपत्रावर अवलंबून असतात. केवळ अक्षरांचा तक्ता वाचून घेतला तर असा माणूस डोळस ठरून परततो. म्हणून क्षेत्रमापनाचा आलेख आग्रहाने मागावा लागतो. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी जावयाचे ते दसऱ्यापूर्वीच, कारण त्यानंतर सोबत येणारे घरचे माणूस फडावर गेलेले असते.