कोंबडीचा राग ट्रकवर

युरोपीय आर्थिक समुदायाने १९६२मध्ये स्वस्त अमेरिकी कोंबडीवर जबर आयातशुल्क लावले. अमेरिकेने वचपा काढला तो बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलक्या ट्रकवर. ट्रकमागे रोख फोक्सवॅगनवर होता. बाकीची शुल्के गेली, ट्रकवरचे २५ टक्के १९६४पासून ठाण मांडून आहे. एरवी भांडणारे डेट्रॉइटचे कारखानदार आणि कामगार संघटना, दोघांनाही ते सोयीचे!

पळवाटाही भन्नाट. सुबारूने ‘ब्रॅट’च्या हौद्यात उलट्या तोंडाच्या खुर्च्या बसवून तिला प्रवासी गाडी ठरवले. खुद्द अमेरिकी फोर्ड तुर्कस्तानात बनवलेल्या व्हॅन मागच्या सीटसह आणायची आणि कस्टममधून सुटताच त्या सीट काढून टाकायची. हे प्रकरण २०२४मध्ये ३६.५ कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटले.