जर्मनीतील नोकरीचा शोध: मायदेशी करायची तयारी

परदेशातील नोकरी शोधणे म्हणजे संकेतस्थळांवरील जाहिराती पाहून शेकडो ठिकाणी अर्ज धाडणे, असा सर्वसाधारण समज असतो. जर्मनीच्या बाबतीत मात्र या शोधाचा मोठा भाग पहिला अर्ज लिहिण्यापूर्वीच पार पडावा लागतो, कारण कंपनीला उमेदवार पसंत पडला तरी त्याचे शिक्षण तेथील कायद्याच्या चौकटीत बसल्याशिवाय व्हिसा मिळत नाही आणि नेमणूक कागदावरच राहते. वयस्कर होत चाललेल्या लोकसंख्येमुळे त्या देशाला बाहेरच्या मनुष्यबळाची निकड आहे, यात शंका नाही. १ मार्च २०२० रोजी तेथे कुशल कामगारांच्या स्थलांतराचा कायदा अमलात आला, नोव्हेंबर २०२३ पासून त्याच्या अटी टप्प्याटप्प्याने शिथिल झाल्या, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. मात्र मागणी कितीही मोठी असली, तरी पात्रतेची छाननी त्यामुळे सैल झालेली नाही.

या छाननीला तेथे ‘आनएर्केनुंग’, म्हणजे परदेशी शिक्षणाला दिलेली अधिकृत मान्यता, असे म्हणतात, आणि तिचे स्वरूप व्यवसायागणिक बदलते. संगणक क्षेत्रासारखे व्यवसाय परवान्याविना करता येतात. तेथे पदवी जर्मन पदवीशी तुल्य आहे एवढेच दाखवावे लागते. त्यासाठी ‘अनाबिन’ नावाची सरकारी माहितीसूची सर्वांना खुली असून तीत विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ असा शेरा असेल आणि पदवीही तुल्य म्हणून नोंदलेली असेल, तर त्या पानांची छापील प्रत व्हिसाच्या अर्जाला जोडता येते; नोंद न सापडल्यास बॉनमधील केंद्रीय कार्यालयाकडून शुल्क भरून तुल्यता-पत्र मागवावे लागते.

परिचर्या, वैद्यकी यांसारख्या व्यवसायांना मात्र परवाना अनिवार्य आहे, आणि खरी कसोटी येथेच लागते. परिचारिका कोणता विषय किती तास शिकली, तिने कोणत्या वॉर्डात किती तास प्रत्यक्ष काम केले, याची जर्मन अभ्यासक्रमाशी तुलना संबंधित राज्याचे कार्यालय करते आणि जे कमी भरते ते एका निर्णयपत्रात नोंदवते. ती उणीव पुढे ज्ञानचाचणी देऊन किंवा रुग्णालयातील पूरक प्रशिक्षण घेऊन भरून काढायची असते. म्हणून नुसत्या गुणपत्रिकेने भागत नाही, विषयवार तासांचा तपशील असलेला दाखला महाविद्यालयातून मिळवावा लागतो, आणि तो शिक्का-सहीनिशी हाती पडायला लागणारा वेळ आधीच हिशेबात धरणे शहाणपणाचे ठरते. परवान्यासाठी साधारणपणे ‘बी-२’ पातळीचे, म्हणजे रुग्णाशी आणि सहकाऱ्यांशी बिनचूक व्यवहार करता येईल इतके, जर्मन यावे लागते. मार्च २०२४ पासून नोकरीचा करार आणि ‘ए-२’ इतके प्राथमिक भाषाज्ञान यांच्या बळावर तेथे जाऊन मान्यतेची प्रक्रिया पूर्ण करण्याची वाटही खुली झाली आहे. तरीही भाषा मायदेशीच पक्की करून जाणाऱ्याचे पहिले वर्ष पुष्कळच सुसह्य होते.

अर्जाच्या बाबतीत भारतीय उमेदवार एका ठिकाणी हमखास कमी पडतात, ते म्हणजे अनुभवाचा दाखला. आपल्याकडील दाखल्यात पद, रुजू झाल्याची आणि सेवामुक्तीची तारीख व एखादे शुभेच्छापर वाक्य एवढेच असते. जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला कामाचे स्वरूप, कामगिरी आणि वर्तणूक यांचे मूल्यमापन करणारे सविस्तर प्रशस्तिपत्र मागण्याचा कायदेशीर हक्क आहे आणि तेथील कंपन्या ते बारकाईने वाचतात. त्यामुळे जुन्या वरिष्ठांकडून जबाबदाऱ्या, वापरलेली यंत्रे किंवा प्रणाली आणि हाताळलेली कामे नमूद करणारे पत्र लिहून घेणे, तसेच परिचयपत्रात प्रत्येक कामाचा महिना-वर्ष देऊन मधल्या खंडाचे कारण सांगणे, हे दिसायला किरकोळ असले तरी निर्णायक ठरू शकते.

पगाराचा आकडा रुपयांत बदलून हरखून जाणे धोक्याचे आहे. जाहिरातीतील रक्कम वार्षिक आणि कपातीपूर्वीची असते. एकट्या व्यक्तीच्या सरासरी पगारातून कर, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन आदींपोटी एक-तृतीयांशाहून अधिक रक्कम वजा होते. उच्चशिक्षितांसाठीच्या ‘ब्लू कार्ड’ या परवान्यालाही पगाराची किमान अट असते. २०२५ साली ती सर्वसाधारणपणे ४८,३०० युरो होती, टंचाईच्या व्यवसायांसाठी त्याहून कमी.

नोकरी हाती नसताना तेथे जाऊन शोध घेण्याची सोय जून २०२४ पासून ‘चान्सेनकार्टं’ या वर्षभराच्या परवान्याने झाली आहे. पण त्यावर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते आणि निर्वाहाची तजवीज आधी दाखवावी लागते. २०२५ मध्ये त्यासाठी महिन्याला १,०९१ युरो असा हिशेब होता. मध्यमवर्गीय कुटुंबाची एवढी पुंजी पणाला लावण्यापेक्षा शक्य तेथे करार मिळवूनच निघणे बरे. दलालांबाबतही हीच सावधगिरी हवी. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर यांहून अधिक घेता येत नाही, आणि त्याची नोंदणी केंद्र शासनाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पडताळता येते. लाखांची मागणी करणाऱ्याला द्यायचा पैसा जर्मन भाषेच्या वर्गावर खर्च झालेला केव्हाही चांगला.

करार झाल्यावर कंपनीला तेथील परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करता येते, आणि तिची मंजुरी मिळाली की वकिलातीला तीन आठवड्यांच्या आत व्हिसासाठी भेटीची वेळ द्यावी लागते. ही तरतूद कंपनीला ठाऊक असेलच असे नाही, म्हणून उमेदवाराने ती आपणहून सुचवावी. मायदेशीच्या नोकरीचा राजीनामा मात्र व्हिसा हाती पडेपर्यंत देऊ नये. तीन महिन्यांची पूर्वसूचना जर्मन कंपन्यांनाही अपरिचित नसल्याने रुजू होण्याची तारीख त्या हिशेबाने मागून घेता येते.