नकार पचवण्याची ताकद आणि संध्याकाळची ओपीडी

औषध कंपनीच्या प्रतिनिधीला, म्हणजे एमआरला, दिवसभरात अनेकदा ‘आज नको, नंतर या’ ऐकावं लागतं. महिनाअखेरीला टार्गेट भरायचं असतं आणि चेहऱ्यावरचं हसूही उतरू द्यायचं नसतं. असा माणूस काही वर्षांत आतून कोरडा होऊ शकतो; यालाच बर्नआउट म्हणतात. क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी 1981 मध्ये ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली मांडली. तिच्यात तीन गोष्टी पाहतात: मनाची दमणूक, समोरच्या माणसाविषयी आलेला तुटकपणा आणि ‘आपल्या हातून काही होत नाही’ ही भावना. तिसरी गोष्ट म्हणजे खचलेला आत्मविश्वासच. मग ‘आत्मविश्वास असलेल्याला बर्नआउट कमी’ असं म्हणणं एकच गोष्ट दोनदा मोजण्यासारखं झालं, असा आक्षेप कुणी घेईल. तो काही अंशी खराही आहे. पण मार्टिन सेलिगमन आणि पीटर शुलमन यांचा 1986 चा, अमेरिकेतल्या आयुर्विमा विक्रेत्यांवरचा अभ्यास त्यापुढे जातो. अपयशाचा अर्थ आशावादी पद्धतीने लावणारे नवे विक्रेते पहिल्या वर्षाअखेर इतरांच्या दुप्पट प्रमाणात नोकरीत टिकले होते. त्यांचा हा स्वभाव आधीच नोंदवलेला होता, टिकणं नंतरचं. आशावाद आणि आत्मविश्वास तंतोतंत एक नाहीत, तरी नकार ‘आजच्यापुरता’ मानायचा की ‘मी नालायक’ असा, हा प्रश्न दोन्हींच्या मुळाशी आहे.

हा आत्मविश्वास येतो कुठून? अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये त्याचे चार स्रोत सांगितले: स्वतः मिळवलेलं यश, आपल्यासारख्याचं पाहिलेलं यश, इतरांचे धीराचे शब्द आणि शरीर-मनाची स्थिती. यांत पहिला सर्वांत बळकट. म्हणूनच, गाठता न येणारं टार्गेट देऊन वर प्रेरणादायी भाषण ठेवणाऱ्या कंपन्यांचं वागणं मला चुकीचं वाटतं. त्या सर्वांत भक्कम स्रोत बुजवतात आणि शब्दांवर भागवू पाहतात. सभेत सगळ्यांसमोर आकडे वाचून कुणाला खाली मान घालायला लावली, तर त्या शब्दांनाही वजन उरत नाही.

काम आणि घर यांच्या ताळमेळाचा प्रश्न मात्र आत्मविश्वासाने अर्धाच सुटतो. जेफ्री ग्रीनहाउस आणि निकोलस ब्यूटेल यांनी 1985 मध्ये काम आणि कुटुंब यांच्यातल्या ओढाताणीची तीन कारणं वेगळी केली: वेळ, ताण आणि वागण्याची रीत. कामाचा ताण घरी आणून मुलांवर चिडणं, हे स्वतःवर विश्वास असलेल्या माणसाच्या बाबतीत कमी होऊ शकतं. वेळेचं तसं नाही. डॉक्टरांची ओपीडी संध्याकाळी भरते, नेमकी मुलं घरी असतात तेव्हा. तिथे ताटकळणाऱ्याला कितीही विश्वास असला, तरी घड्याळ थांबत नाही. उलट ‘मी सांभाळेन’ म्हणणाऱ्यालाच विक्रीचा आणखी एक भाग जोडून मिळण्याची भीती असते. विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी भारतात 1976 मध्ये कायदा झाला, त्यातून नेमणूकपत्र आणि रजेचा हक्क मिळाला. रोजच्या कामाचे तास नियमाने बांधून द्या, ही एमआरच्या संघटनांची मागणी मात्र अनेक वर्षांची आहे.