‘खात्री आहे का?’ विचारून फाइल वाचत नाही

२०१७ साली एका प्रोग्रामरने मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ या एडिटरमध्ये सगळे बदल रद्द करण्याचं बटण दाबलं आणि तीन महिन्यांचं काम, सुमारे पाच हजार फाइली, नाहीशा झाल्या. फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या ‘गिट’मध्ये त्यांची एकदाही नोंद झालेली नव्हती. त्यामुळे एडिटरच्या लेखी अख्ख्या फाइलीच ‘बदल’ ठरल्या. ही कृती मागे घेता येणार नाही, असा इशारा पडद्यावर आला होता. त्याने होकार दिला. पुढे मायक्रोसॉफ्टने इशाऱ्याची भाषा आणखी कडक केली.

माझ्या मते औषध चुकलं. मॅकिंटॉश प्रकल्पाची सुरुवात करणारे जेफ रास्किन यांनी २००० सालच्या ‘द ह्युमेन इंटरफेस’ या पुस्तकात सवयीचा मुद्दा मांडला होता. तोच प्रश्न वारंवार आला की ‘हो’ म्हणणं हाही त्या कृतीचाच भाग होऊन बसतो. बोट पुढे जातं, डोकं मागून येतं. खरा बचाव एकच: केलेलं मागे घेता आलं पाहिजे.

जुन्या एडिटरांना हे बरंच कळलेलं दिसतं. ‘विम’ साधारण दर २०० अक्षरांनंतर, किंवा टंकन चार सेकंद थांबलं की, मजकूर वेगळ्या ‘स्वॅप’ फाइलीत उतरवतो. वीज गेली तर तिथून काम परत मिळतं. ‘ईमॅक्स’ पहिल्यांदा सेव्ह करताना जुनी प्रत नावापुढे ‘~’ लावून बाजूला ठेवतो.

सेव्ह करणं हीसुद्धा वाटते तितकी निर्धोक गोष्ट नाही. मूळ फाइल आधी रिकामी करून मग तीत लिहायला घेतलं आणि मधेच यंत्र बंद पडलं, तर हाती शून्य बाइटची फाइल. २००९ मध्ये लिनक्सची ‘ईएक्सटी४’ फाइलप्रणाली नवी असताना अशा रिकाम्या फाइलींवरून बराच गदारोळ झाला होता. म्हणून जाणते एडिटर नवा मजकूर तात्पुरत्या फाइलीत लिहितात, तो डिस्कवर पक्का उतरवतात आणि मगच तिला जुन्या फाइलीचं नाव देतात. नावाची अदलाबदल एका फटक्यात होते. अर्धवट अवस्था उरतच नाही.

फाइल बाहेरून उडाली, पण एडिटरमध्ये उघडी असेल, तर घाबरून खिडकी बंद करू नका. मजकूर अजून मेमरीत असतो. लगेच पुन्हा सेव्ह करा. बंद केलीत तर मात्र पंचाईत. डिलीट करताना सहसा नोंदच पुसली जाते, मजकूर डिस्कवर काही काळ राहतो. पण एसएसडीमध्ये ‘ट्रिम’ आज्ञेमुळे तोही लवकरच हाताबाहेर जातो.

ईमॅक्सच्या फाइलयादीत ‘डी’ दाबल्यावर फाइलीवर नुसती खूण होते, ‘एक्स’ दाबल्यावर ती जाते. दोन पायऱ्यांमधल्या वेळात मन बदलता येतं. डिलीट केलेली फाइल थेट पुसण्याऐवजी कचरापेटीत टाकण्याची सोयही त्यात आहे. फक्त ती मुळात बंद असते. आपण होऊन चालू करावी लागते.