अंधारात उजळणारे ठिपके

डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे सिलिकॉनची पातळ चिप असून तिच्यावर प्रकाश मोजणारे सूक्ष्म घटक, म्हणजेच पिक्सेल, रांगेने बसवलेले असतात. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर त्यांची संख्या सुमारे २ कोटी ४० लाख भरते, आणि एवढ्यांतला एकही सदोष नसावा ही अपेक्षाच अवाजवी आहे. प्रकाश पडूनही काळा राहतो तो मृत पिक्सेल, तर प्रकाश नसताना चमकतो तो तप्त पिक्सेल. सिलिकॉन तापले की त्यातील इलेक्ट्रॉन प्रकाशावाचूनही सुटे होतात. हा अंधारप्रवाह तापमान साधारण ६ ते ८ अंशांनी वाढले की दुप्पट होतो आणि स्फटिकात दोष असलेल्या पिक्सेलमध्ये तो शेजाऱ्यांहून कितीतरी अधिक असतो. म्हणूनच वैशाखात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या गोदाकाठच्या कोपरगावात, डिसेंबरच्या पहाटे निर्दोष ठरलेला, म्हणून विकत घेतलेला जुना कॅमेरा मे महिन्याच्या दुपारी ठिपके दाखवू शकतो, आणि त्यात विकणाऱ्याची लबाडी असतेच असे नाही.

परीक्षा सोपी आहे. लेन्सला झाकण लावून, व्ह्यूफाइंडरही झाकून, आयएसओ कमी ठेवावा आणि आधी १/६० सेकंदाचे, मग ३० सेकंदांचे दोन-तीन फोटो रॉ स्वरूपात घेऊन ते संगणकावर पूर्ण आकारात पाहावेत. प्रत्येक फोटोत जागा बदलणारा ठिपका हा केवळ नॉइज असतो. त्याच जागी पुन्हा दिसणारा तप्त पिक्सेल असतो, आणि १/६० सेकंदातही तो ठळक दिसला तर दोष खरोखर त्रासदायक समजावा. मृत पिक्सेलसाठी पांढऱ्या भिंतीचा फोकस बिघडवून घेतलेला फोटो पुरतो. झाकण लावून फोटो घेताना लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद असावे, कारण त्यात कॅमेरा शटर मिटून तेवढ्याच वेळाची दुसरी, काळी प्रतिमा घेतो आणि ती पहिलीतून वजा करून दोष परस्पर झाकून टाकतो.

हीच वजाबाकी खगोलशास्त्रज्ञांची नित्याची रीत आहे. पुण्याच्या आयुका संस्थेने उभारलेली सूट ही सौरदुर्बीण आदित्य-एल१ यानातून २ सप्टेंबर २०२३ रोजी अवकाशात गेली. अंधारप्रवाह रोखण्यासाठी तिचा सेन्सर शून्याखाली ५० अंशांहून थंड ठेवला जातो, तरीही अवकाशातील किरणोत्सर्ग सिलिकॉनच्या स्फटिकाला इजा करून नवे तप्त पिक्सेल घडवू शकतो. गोदाकाठच्या छायाचित्रकाराला असा थंडावा परवडणारा नाही, पण ऑलिम्पससारख्या काही कॅमेऱ्यांतील पिक्सेल मॅपिंगची सोय बिघडलेले पिक्सेल हेरून त्यांची किंमत शेजाऱ्यांवरून भरून काढते. विखुरलेल्या चार-दोन ठिपक्यांवर हा इलाज चालतो. मात्र ठिपक्यांचा पुंजका किंवा सलग उभी रेघ दिसली तर तो कॅमेरा न घेणेच बरे.