अभियांत्रिकी भौतिकी पदवीचे अभ्यासक्रम-नियोजन

अभियांत्रिकी भौतिकी ही भौतिकशास्त्राचे सखोल शिक्षण आणि अभियांत्रिकीचे प्रशिक्षण एकत्र देणारी विद्याशाखा आहे. भारतात ती साधारणपणे चार वर्षांच्या, म्हणजे आठ सत्रांच्या, बी.टेक. पदवीच्या स्वरूपात शिकवली जाते. मुंबई, गुवाहाटी व हैदराबाद येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि दिल्ली तंत्रज्ञान विद्यापीठ येथे हा अभ्यासक्रम आहे. अभियांत्रिकीच्या सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शिकवल्या जाणाऱ्या भौतिकीच्या विषयालाही पाठ्यपुस्तकांत हेच नाव दिलेले आढळते. तो एक विषय आहे, ही स्वतंत्र पदवी आहे.

या पदवीतील बऱ्याच विषयांची निवड विद्यार्थ्यावर सोपवलेली असते. विषय कोणत्या क्रमाने आणि कोणत्या सत्रात घ्यावेत याचा विचार लवकर न केल्यास पुढचे विषय अडतात.

विषयांचा क्रम

भौतिकीचे विषय एकमेकांवर रचलेले असतात. कलनशास्त्र, रैखिक बीजगणित आणि अवकल समीकरणे यांशिवाय पुंजयामिकी समजत नाही. पुंजयामिकी आणि ऊष्मागतिकी यांच्याशिवाय सांख्यिकीय भौतिकी अपुरी राहते. या दोन्हींच्या आधारे घन अवस्था भौतिकी उभी राहते आणि तिच्यावर अर्धसंवाहक उपकरणांचा विषय. अशा आधीच्या विषयाला पुढच्या विषयाची पूर्वअट म्हटले जाते.

ही साखळी सत्रांत मांडली की तिची लांबी लक्षात येते. गणिताला पहिली दोन सत्रे, पुंजयामिकीच्या दोन भागांना तिसरे व चौथे सत्र, सांख्यिकीय भौतिकीला पाचवे, घन अवस्थेला सहावे आणि अर्धसंवाहक उपकरणांना सातवे असे धरल्यास आठपैकी सात सत्रे एकाच साखळीत खर्ची पडतात. बहुतेक संस्थांत विभागाचे मुख्य विषय वर्षातून एकदाच शिकवले जातात. त्यामुळे तिसऱ्या सत्रातील विषय राहिला तर तो पाचव्या सत्रात मिळतो आणि शेवटचा विषय सातव्याऐवजी नवव्या सत्रावर जातो. चार वर्षांच्या पदवीत नववे सत्र नसते. काही संस्था दोन विषय समांतर घेण्याची परवानगी देतात किंवा उन्हाळी सत्रात विषय चालवतात, पण नियोजन त्यावर विसंबून करणे धोक्याचे असते.

विद्युतचुंबकत्वाची साखळी तुलनेने आखूड आहे. सदिश कलनानंतर मॅक्सवेलची समीकरणे, त्यांतून तरंगांचे प्रसारण व तरंगमार्ग, आणि पुढे लेसर व प्रकाशकी असा तिचा क्रम आहे. ती एखादे सत्र उशिरा सुरू झाली तरी वेळेत संपू शकते. म्हणून एखाद्या सत्राचा भार कमी करायचाच असेल, तर पुंजयामिकीऐवजी येथील विषय पुढे ढकलणे कमी नुकसानीचे ठरते.

पहिल्या वर्षाचे गणित अनेक विद्यार्थी उत्तीर्ण होण्यापुरतेच करतात, आणि पुढे पुंजयामिकी अवघड असल्याची तक्रार येते ती बहुधा याच कारणाने. आयगेनमूल्ये, सदिश अवकाश आणि लंबकोनी आधार या संकल्पना पक्क्या असतील, तर पुंजयामिकीचे गणित नवे वाटत नाही. नवा असतो तो त्याचा भौतिक अर्थ.

प्रयोगशाळा व संगणन

प्रयोगशाळेच्या विषयांना श्रेयांक कमी आणि वेळ जास्त लागतो. आठवड्यातील तीन-चार तासांच्या सत्राखेरीज नोंदवही, त्रुटींचे विश्लेषण व आलेख यांचे काम वेगळे असते. एकाच सत्रात इलेक्ट्रॉनिकी आणि प्रकाशकी अशा दोन प्रयोगशाळा आल्यास श्रेयांकांच्या बेरजेवरून भाराचा अंदाज येत नाही. संगणकीय भौतिकी व संख्यात्मक पद्धती हे विषय मात्र शक्य तितक्या लवकर घेणे उपयुक्त ठरते, कारण नंतरचे जवळजवळ सर्व प्रकल्प त्यांवर अवलंबून असतात.

ऐच्छिक विषय

या पदवीचे विद्यार्थी पुढे भौतिकीतील संशोधन, उपकरणनिर्मिती व अर्धसंवाहक उद्योग, विदाविश्लेषण किंवा वित्तक्षेत्र अशा वेगवेगळ्या दिशांना जातात. संशोधनाकडे जाणाऱ्याला अभिजात यामिकी, अणू व रेणू भौतिकी, अणुकेंद्रीय व कण भौतिकी यांची गरज असते. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या ‘गेट’ परीक्षेच्या भौतिकी विषयपत्रिकेत हे सर्व भाग येतात. उद्योगाकडे जाणाऱ्याला नियंत्रण प्रणाली, संकेत-प्रक्रिया आणि परिपथरचना अधिक कामाच्या. संकेत-प्रक्रियेच्या प्रारंभिक विषयातील फूरिए विश्लेषण गणितीय भौतिकीत बरेचसे झालेले असते. दोन्ही अभ्यासक्रमांची विषयसूची न पाहता निवड केल्यास ऐच्छिक विषयाची एक जागा वाया जाते.

सुटे ऐच्छिक विषय जमा करण्यापेक्षा एखाद्या अभियांत्रिकी विभागातून सलग विषय घेणे बहुधा श्रेयस्कर ठरते. भरतीच्या जाहिरातींत पात्र शाखांची नावे नमूद असतात आणि त्यांत अभियांत्रिकी भौतिकीचे नाव दर वेळी असतेच असे नाही. अशा वेळी विद्युत अभियांत्रिकीतील गौण पदवी गुणपत्रकावर स्पष्ट दिसते. तिने पात्रतेची अट नेहमी पूर्ण होत नाही, हेही खरे.

अमेरिकेत हा प्रश्न अधिमान्यतेशी जोडलेला आहे. ‘एबेट’ या संस्थेच्या निकषांनुसार अधिमान्य अभियांत्रिकी पदवीत गणित व मूलभूत विज्ञानांचे किमान ३० आणि अभियांत्रिकी विषयांचे किमान ४५ सत्र-श्रेयांक लागतात. भौतिकीचा वरच्या पातळीवरील विषय बहुधा विज्ञानात मोजला जातो. त्यामुळे केवळ भौतिकीचे विषय वाढवून ही दुसरी अट पूर्ण होत नाही. अमेरिकेतील सर्वच अभियांत्रिकी भौतिकी पदव्या अधिमान्य नसतात.

अंतिम वर्ष

परदेशातील अनेक विद्यापीठांत पीएच.डी.साठीचे अर्ज डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे सातवे सत्र संपत असताना, करावे लागतात. त्या वेळी गुणपत्रकात फक्त सहा सत्रांचे गुण असतात. घन अवस्था भौतिकी किंवा प्रगत पुंजयामिकी सातव्या सत्रावर टाकलेल्या विद्यार्थ्याचे त्या विषयांतील गुण निवड समितीला दिसतच नाहीत. शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकाने विद्यार्थ्याचे काम पाहिलेले असावे लागते. म्हणून संशोधन प्रकल्प तिसऱ्या वर्षात किंवा त्यानंतरच्या उन्हाळ्यात सुरू करण्याची प्रथा आहे. ‘गेट’ परीक्षा फेब्रुवारीच्या सुमारास होते आणि तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांनाही ती देता येते. मात्र पूर्वअटींच्या साखळीमुळे तिच्या विषयपत्रिकेतील काही भाग तोवर शिकवून झालेले नसतात.